दिवाळीचा डबा, नावाची बाटली आणि पन्नास पैशांचं कार्ड: ठाणे-नवी मुंबईत आभाराच्या वस्तू पारखून घेताना

ऑक्टोबर उजाडला की वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या कचेऱ्यांत एकच चौकशी सुरू होते: यंदा डबे किती सांगायचे? ग्राहकांचे इतके, स्टाफचे इतके, वर दहा जादा. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी टेम्पो येतो, डबे वाटले जातात, आणि मग पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याच माणसांना ‘तुमच्यामुळे काम झालं’ एवढंही कुणी म्हणत नाही. आभार मानायला आपल्याकडे बारा महिने आहेत, आणि सगळा खर्च होतो एका आठवड्यात. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या टेबलावर पाच-सहा डबे साचलेले असतात, त्यामुळे कुठला कुणाचा हे दुसऱ्या दिवशी आठवतही नाही.

म्हणून इथे सहज मिळणाऱ्या पाच गोष्टींचा हा आढावा: तयार हॅम्पर, वाशीच्या मसाला मार्केटमधून माल आणून स्वतः भरलेला डबा, नाव कोरलेली बाटली, गिफ्ट कार्ड आणि टपालाने पाठवलेलं पत्र. कसोट्या तीन. हातात पडते तेव्हा वस्तू चांगल्या स्थितीत असते का? घेणाऱ्याला ती आपल्यासाठीच आली असं वाटतं का? आणि दिवाळीखेरीज इतर दिवसांत ती देता येते का? आमचा कौल आधीच सांगतो: पत्र पहिलं, स्वतः भरलेला डबा दुसरा, बाकी सगळं अटी घालून.

तयार हॅम्पर

वेताची टोपली, सोनेरी जाळी, वर मोठा बो. फोटोत देखणं दिसतं. उघडून पाहिलं की निम्म्या उंचीपर्यंत कागदाचा भुसा, त्यावर उचललेला ट्रे, आणि ट्रेवर चार छोट्या बरण्या. हॅम्पर घेताना एकूण वजन विचारू नका. प्रत्येक पाकिटावरचं निव्वळ वजन वाचून बेरीज करा. पॅकिंगची तारीख, एमआरपी आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक प्रत्येक खाद्यपदार्थावर स्वतंत्र असला पाहिजे. टोपलीवर चिकटवलेल्या एका लेबलावर भागत नाही, कारण आतली चॉकलेटं, चिवडा आणि सुका मेवा वेगवेगळ्या तारखांना भरलेले असतात.

सर्वांत जास्त नासाडी होते ती सुगंधी मेणबत्तीमुळे. काजू-बदामात तेल असतं आणि ते आजूबाजूचा वास ओढून घेतात. बंद खोक्यात मेणबत्ती आठवडाभर शेजारी राहिली की काजूला मोगऱ्याचा वास लागतो, आणि मग ते कुणी खात नाही. मेणबत्ती हवी असेल तर ती वेगळ्या खोक्यात द्यायला सांगा. चॉकलेटची दुसरी अडचण म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा: टेम्पोत तापून पुन्हा थंड झालं की वर पांढुरकी साय दिसते. चॉकलेट खराब झालेलं नसतं, पण घेणाऱ्याला ते शिळं वाटतं, आणि भेटीचा हेतू तिथेच संपतो.

मिठाईच्या डब्यांभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी ती सर्रास दिसते. ऑर्डर देतानाच ‘फिल्म नको, कागदी पट्टी चालेल’ असं लिहून द्या. मिठाई असेल तर दिवस मोजा: खव्याचा पेढा-बर्फी तीन-चार दिवसांची, काजू कतली साधारण आठवड्याची. शुक्रवारी वाटलेला पेढ्याचा डबा सोमवारी ग्राहकाच्या गेटवरून आत जातो, म्हणजे तो खाण्याजोगा असेल याची खात्री उरत नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराला सांगितलेलं आहे; ती पाहूनच घ्या.

घाई असेल आणि दहा-बारा डबेच लागणार असतील तर हॅम्पर ठीक. पन्नासच्या पुढे गेलात तर पुढचा मार्ग धरा.

मसाला मार्केटचा डबा

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत, कांदा-बटाटा, भाजी, फळ, दाणा आणि मसाला अशी पाच मार्केटं आहेत; सुका मेवा मसाला मार्केटात मिळतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भे किंवा सानपाडा गाठायचं, पुढे रिक्षा. कमी माल हवा असेल तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काम होतं.

काजूचा दर्जा आकड्यावरून ठरतो आणि तो आकडा घरी मोजता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर. १०० ग्रॅमच्या पाकिटात ते साधारण ६६ ते ७० भरतात. डब्ल्यू २४० असेल तर ४८ ते ५३, आणि डब्ल्यू १८० असेल तर ३७ ते ४०. दुकानदाराने २४० सांगितलं आणि १०० ग्रॅममध्ये ६८ गर निघाले, तर तो ३२०चाच माल आहे. भेटीसाठी ३२० पुरेसा. २४०चे पैसे मोजायचे असतील तर आधी काट्यावर १०० ग्रॅम मोजून गर मोजा. दोन मिनिटं लागतात. मूठभर काजू तळातून काढून पाहा, तुकडा आणि पावडर खालीच असते. दाताखाली गर कट्कन तुटला पाहिजे. चिवट लागला तर त्याने दमट हवा खाल्लेली आहे. अक्रोड मात्र चाखल्याशिवाय घेऊच नका. बाहेरून काही कळत नाही, आणि एक खवट फोड सगळ्या डब्याची चव घालवते.

बेदाण्याला सांगलीचा भौगोलिक मानांकन असलेला माल मागा. इथे एक चूक जवळपास सगळे करतात: चार कप्प्यांच्या डब्यात काजू, बदाम, पिस्ते आणि बेदाणे उघडे भरतात. बेदाण्यात पाण्याचा अंश पंधरा टक्क्यांच्या आसपास, काजूत पाच टक्क्यांच्या आत. झाकण लावलं की ती ओल हळूहळू काजूकडे सरकते. आठ-दहा दिवसांत काजू मऊ पडतो आणि लोक म्हणतात, मालच शिळा होता. उपाय सोपा आहे: प्रत्येक जिन्नस वेगळ्या सीलबंद पाकिटात भरा आणि पाकीट कप्प्यात ठेवा. डबा थोडा कमी शोभिवंत दिसतो, पण काजू दोन महिने कुरकुरीत राहतो.

शंभर डब्यांचा हिशेब असा. चार जिन्नस, प्रत्येकी १०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी १० किलो. घेताना साडेदहा घ्या. तुकडा, सांडलवंड आणि काट्यावरची तूट धरून अर्धा किलो लागतोच. एक ग्रॅम अचूक असा इलेक्ट्रॉनिक काटा दोन नग, आठ इंची हँड सीलर दोन, डोक्याला टोपी, हातमोजे. रिकामं पाकीट काट्यावर ठेवून शून्य करा, मग भरा. सीलरची पट्टी जास्त तापली तर पाकीट वितळून भोक पडतं, कमी तापली तर सील नुसती चिकटल्यासारखी दिसते. पहिली पाच पाकिटं तळहाताखाली दाबून पाहा. हवा सुटली तर बटण एक अंक वाढवा. दोघं वजन करायला, दोघं सील करायला, एक डबा लावायला: ४०० पाकिटांना एक दुपार पुरते.

डब्यात आत एक चिठ्ठी हवी: जिन्नस, वजन, भरल्याची तारीख, आणि ठळक अक्षरात ‘यात काजू, बदाम, पिस्ता आहे’. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेली माणसं प्रत्येक कचेरीत असतात. त्यांच्यासाठी सगळ्या सुक्या मेव्याऐवजी आणि मधुमेह असलेल्यांसाठी बेदाण्याच्या जागी भाजलेले मखाणे किंवा फुटाणे भरलेले पाच-सात डबे आधीच वेगळे करून ठेवा. लसणाचा चिवडा घालायचा विचार असेल तर थांबा. जैन सहकारी किंवा उपास धरणारा सहकारी तो डबा बाजूला सारतो.

आता यादीविषयी, कारण खरा घोटाळा मालात होत नाही, यादीत होतो. स्टाफची यादी पगारपत्रकावरून काढली की हाऊसकीपिंगच्या मावशी, पँट्रीतला मुलगा, रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले दादा त्यात नसतात. ते कंत्राटदाराच्या पगारावर असतात. यादी गेटच्या रजिस्टरवरून करा, महिनाभराचं. रोज आत येणारं प्रत्येक नाव त्यात सापडतं, नेहमीचा टेम्पोवाला आणि पाण्याचे जार आणणारा धरून. आणि डबा सगळ्यांना एकच द्या. साहेबांच्या डब्यात पिस्ते आणि शिपायाच्या हातात सोनपापडी हे लिफ्टमध्येच सगळ्यांना दिसतं, आणि त्याने जे मन दुखावतं ते डबा न दिल्याने दुखावलं नसतं. पैसे कमी असतील तर सगळ्यांचाच डबा २०० ग्रॅमचा करा.

नाव कोरलेली बाटली

स्टीलची बाटली हल्ली कुठल्याही मोसमात चालते, हा तिचा मोठा गुण. छपाई कशी करून घेता यावर तिचं आयुष्य ठरतं. स्क्रीन प्रिंट स्वस्त, पण तारेच्या घासणीने सहा महिन्यांत उडते. लेसरने कोरलेलं नाव रंगाचा थर काढून खालचं स्टील उघडं करतं, ते पुसलं जात नाही. दुहेरी भिंतीची बाटली घेत असाल तर तिच्यावर आयएसआयची खूण पाहा. गरम पाणी भरून बाहेरून हात लावा: बाहेर ऊब लागली तर आतली निर्वात पोकळी गेलेली आहे. ही तपासणी नमुन्याच्या एका बाटलीवर करून भागत नाही, खोक्यातून कुठल्याही पाच उचला.

मराठीत नावं कोरायची असतील, आणि आमच्या मते कोरावीत, तर फाइल तपासल्याशिवाय एकही बाटली मशीनवर चढू देऊ नका. तुम्ही नावं युनिकोडमध्ये टाइप करून पाठवता. कारागिराकडे जुनं डिझाइन सॉफ्टवेअर असतं, त्याला जोडाक्षरं जोडता येत नाहीत. मग ‘म्हात्रे’चं ‘म् हात् रे’ होतं, ‘कुलकर्णी’तला रफार घसरून भलत्याच अक्षरावर बसतो, ‘गोऱ्हे’मधला अर्धा र पार तुटतो, आणि पहिली वेलांटी ज्या अक्षराच्या आधी हवी त्याच्या नंतर जाते. जुन्या पद्धतीचा फाँट दुसऱ्या संगणकावर उघडला तर सगळ्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हं उमटतात. बाटली कोरली की पुसता येत नाही. चुकीच्या नावाची बाटली टेबलावर ठेवण्यापेक्षा कोरी बरी.

हे टाळायचं तर नावं अक्षररूपात न देता ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफमध्ये द्या. कारागिराकडून परत आलेलं प्रूफ छापा आणि ज्याचं नाव आहे त्यालाच दाखवून सही घ्या. ‘मीनल’ की ‘मिनल’, ‘वैती’ की ‘वैटी’, हे एचआरच्या इंग्रजी यादीवरून कळणार नाही. नाव नीट लिहिलं गेलं की माणूस ती बाटली वर्षानुवर्षं वापरतो. कंपनीचा लोगो मात्र तळाशी, लहान. पुढे मोठा लोगो आणि मागे बारीक नाव असेल तर ती भेट राहत नाही, जाहिरात होते.

ग्राहकांना बाटली देऊ नका. त्यांच्याकडे आधीच तीन असतात.

गिफ्ट कार्ड

दूर बदली होऊन गेलेल्या किंवा घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी सोयीचं, बाकी फारसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे प्रीपेड गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं, किमान एक वर्ष चालतं आणि पुन्हा भरता येत नाही. एकाच दुकानाचं व्हाउचर देताना ते दुकान त्या माणसाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का ते पाहा. दिव्यात राहणाऱ्याला सीवूड्सच्या मॉलचं व्हाउचर दिलं तर ते मुदत संपेपर्यंत ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

कराचं इथेच उरकून घेऊ. भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देण्यातून वजा करण्याची सोय, मिळत नाही, म्हणून दरांची तुलना कर धरूनच करा. मालकाने कर्मचाऱ्याला आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपर्यंत दिलेल्या भेटींवर जीएसटी लागत नाही. व्यावसायिक ग्राहकाला किंवा वितरकाला वर्षभरात दिलेल्या वस्तूंची किंमत २०,००० रुपयांवर गेली की १० टक्के टीडीएस कापण्याचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. कर्मचाऱ्याला रोख दिलं तर ते पगारात धरलं जातं. वस्तूरूपातल्या भेटीला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असते, ती चालू वर्षाची मर्यादा सीएकडून विचारून घ्या.

टपाल

या सगळ्यांत स्वस्त वस्तू सर्वांत सरस ठरते: पन्नास पैशांचं पोस्टकार्ड. ते कचेरीत आलं की रिसेप्शनवर दोघं वाचतात, मग ज्याचं आहे त्याच्या टेबलावर जातं, आणि तिथे बोर्डावर टाचणीने लागतं. डबा चार दिवसांत संपतो, कार्ड वर्षभर तिथेच असतं.

पण त्यावर काय लिहिता यावर सगळं आहे. ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ हे कुणालाही कुणीही लिहू शकतं, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही. कार्डात तीन गोष्टी हव्यात: त्या माणसाने नेमकं काय केलं, कधी केलं, आणि त्यामुळे तुमचं काय वाचलं. नमुना म्हणून हे पाहा:

‘शिंदेसाहेब, जुलैच्या त्या पावसात तुमची गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर तीन तास अडकली, तरी सगळी खोकी कोरडी उतरली. ताडपत्री दुहेरी बांधली होती, हे आमच्या गोदामातल्या मुलांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशीचा माल त्यामुळेच वेळेत गेला. आभारी आहोत.’

एवढंच. पुढच्या ऑर्डरचा उल्लेख नको, सवलतीची माहिती नको. पोस्टकार्ड उघडं असतं, म्हणून दर, रकमा आणि कराराचं काहीही त्यावर लिहू नका; तसं काही असेल तर पाच रुपयांचं पाकीट घ्या, २० ग्रॅमपर्यंत तेवढ्यात जातं. हाताने लिहा: छापील मजकुराच्या कार्डाला दर वेगळा आणि जास्त आहे, आणि छापील कार्ड वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं. जून ते सप्टेंबर जेल पेन वापरू नका, एका थेंबाने शाई पसरते. साधं बॉलपेन घ्या. आठवड्याला तीन कार्डं लिहिली तर वर्षात दीडशेच्या वर माणसं होतात, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत राहतो.

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी टपाल खात्याचं ‘माय स्टॅम्प’ पाहण्याजोगं आहे. दिलेला फोटो छापून बारा तिकिटांचा पट मिळतो. फोटो उजेडातला, चेहरा मोठा असलेला द्या. तिकीट एवढंसं असतं, ग्रुप फोटोत कुणीच ओळखू येत नाही. एक तिकीट फ्रेममध्ये, उरलेली त्यांना पत्रं पाठवायला. पोचपावती हवी असलेलं टपाल आता स्पीड पोस्टने पाठवा, कारण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे.

बारा महिन्यांत वाटायचं तर

डब्याचे सगळे पैसे दिवाळीत घालण्याऐवजी त्यांचे चार भाग करा. संक्रांतीला तिळाची वडी, माणशी १०० ग्रॅम. वडी बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळा, नाहीतर गूळ सुटून सगळ्या एकमेकींना चिकटतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ताळेबंदाची धावपळ आटोपली की, अकाउंट्सच्या मंडळींना आणि वर्षभर वेळेत पैसे देणाऱ्या ग्राहकांना पत्र. वेळेवर पैसे देणाऱ्याचे आभार कुणीच मानत नाही, आठवण मात्र थकवणाऱ्याला रोज जाते.

मे महिन्यात हापूस. २०१८ मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघरबरोबर ठाणे जिल्हाही आहे, म्हणजे ही भेट इथलीच. पेटी देऊ नका, माणशी अर्धा डझन पुरे. पूर्ण पिकलेला आंबा टेम्पोत दबतो, म्हणून देठाशी वास येऊ लागलेला, पण अजून घट्ट असलेला माल घ्या आणि चिठ्ठीत लिहा: ‘दोन दिवस गवतात ठेवा, फ्रिजमध्ये नको.’ शुक्रवारी पाठवू नका, सोमवारपर्यंत बंद कचेरीत तो सडतो.

खंडेनवमी-दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. तो दिवस शॉप फ्लोअरवरच्या माणसांचा. पूजा झाली की साहेबांनी तिथेच, मशीनपाशी उभं राहून, वर्षभरात कुणी कुठला बिघाड कसा काढला ते नाव घेऊन सांगावं. दहा मिनिटांचं काम आहे. नावं आदल्या दिवशी फोरमनकडून लिहून घ्या. एक नाव राहिलं तरी सगळ्यांच्या लक्षात येतं. वस्तू द्यायचीच असेल तर सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये कारागीर स्वतः बसतात; वारली चित्रांचे छोटे फलक किंवा बांबूचं काम तिथे पाहून घेता येतं. शंभर नग हवे असतील तर कारागिराला महिनाभर आधी सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. त्याच्याकडे तयार साठा नसतो.

दिवाळीला मग छोटी पणती आणि एक ओळ पुरते.

पत्ता लिहिताना टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीतल्या, कारखान्यांसाठी इमारतीचं नाव कमी आणि प्लॉट क्रमांक जास्त कामाचा. तो फाटकावरच्या पाटीवर जसा आहे तसाच लिहा. पिन कोडचे सहा आकडे सुटे आणि ठसठशीत लिहा: वागळे इस्टेट ४००६०४, ऐरोली ४००७०८, वाशी ४००७०३, सीबीडी बेलापूर ४००६१४. माणसाचं नाव पहिल्या ओळीत, कंपनीचं दुसऱ्या. उलटं लिहिलं तर कार्ड इनवर्ड विभागात शिक्का मारून फाइलला लागतं. आणि पेटीत टाकण्यापूर्वी तिच्यावरची टपाल काढण्याची वेळ वाचा, दिवसाची शेवटची खेप गेलेली असेल तर सरळ पोस्टात जाऊन द्या.